हळदीचं पान कुणाचं?

पत्र:

ताई, माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर सांगलीजवळचं. लग्नानंतर सासूबाईंनी मला इथल्या क्रोशा करणाऱ्या बायकांमध्ये नेलं. दर गुरुवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात आम्ही बारा-चौदा जणी जमतो. एकीचा दोरा संपला तर दुसरी देते, एकीचं चुकलं तर शेजारची उसवून सरळ करून देते. मी जे काही शिकले ते तिथेच. गेल्या वर्षी पहिल्यांदा कुठलाही नमुना समोर न ठेवता मी दाराचं तोरण केलं. जाळीचं, आंब्याच्या पानांऐवजी हळदीची पानं घालून. सगळ्यांना आवडलं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू मात्र म्हणाल्या, "यात नवीन काय? जाळी आमच्या आईच्या वेळची आहे. आणि माझ्या वाड्याच्या पाच फुटी दाराला हे पुरायचं नाही." मग दिवाळीनंतर कळलं, की आमच्यातल्याच एकीने तेच तोरण करून भाचीच्या रुखवतात ठेवलं आणि 'मीच काढलं' म्हणून सांगितलं. मी त्या दिवसापासून गुरुवारी गेलेले नाही. हे डिझाइन माझं आहे असं मी म्हणू शकते का? लिहून काढलं तर मैत्रिणींकडून पैसे मागायचे का? सोबत फोटो, ग्राफ पेपर आणि मापांसह मी लिहिलेलं पान पाठवत आहे.

एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तुझा फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. पानाच्या मधली शीर तू जाळीच्या मोकळ्या घरांची ठेवली आहेस, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरक्या शिरा एकेक घर सोडत वर चढवल्या आहेत. हळदीचं पान उजेडात धरलं की असंच दिसतं. हे तुला कुठल्या पुस्तकात मिळालं नसणार, हे मला लगेच कळलं.

दाराला आंब्याचा टाळा लावायचा हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. क्रोशाच्या तोरणातही म्हणूनच आंब्याचं पान येतं, नाहीतर हंस, कलश, गुलाब, 'सुस्वागतम'. तू ते बदललंस, आणि का बदललंस ते सोबतच्या पानावर लिहिलंस: आई पातोळ्या करायची तेव्हा पानाचा वास घरभर व्हायचा, आणि सासरी आले तर घरामागेच हळदीचं रान. माहेर आणि सासर एकाच पानात आलं. हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, कारण दुसरी कुणी ते जगलेली नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. डिझाइन तुझं आहे.

पण काकूही खोटं बोलल्या नाहीत. त्यांचं बोलणं तुला लागलं, तरी त्याकडे नीट बघूया, कारण तुझं पुढचं काम त्यातूनच निघतं.

जाळी खरंच जुनी आहे. खांब म्हणजे उभा टाका. खांब, दोन साखळ्या, खांब झालं की पोकळ घर. साखळ्यांच्या जागी दोन खांब भरले की भरीव घर. एवढ्या दोन गोष्टींवर घराघरातले टेबलावरचे रुमाल, पडदे, तोरणं उभी आहेत. युरोपात क्रोशाचे छापील नमुने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मिळतात, आणि आंध्रातल्या नरसापूर भागात मिशनऱ्यांच्या हातून त्याच शतकात ही लेस रुजली. कुठलाही टाका आज आपल्यापैकी कुणी 'माझा' म्हणू शकत नाही. क्रोशात नवेपण टाक्याचं नसतंच. कुठला टाका कुठे, किती वेळा आणि कशासाठी, या ठरवण्यात ते असतं.

याचं मला फार आवडणारं उदाहरण सांगते. डाइना ताइमिन्या या मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात भूमिती शिकवत. भूमितीत एक वळणदार पृष्ठभाग असतो, जो पसरत जाईल तसा झालरीसारखा दुमडत जातो. त्याचे कागदी नमुने हाताळताना फाटायचे. १९९७ साली त्यांनी तो क्रोशाने विणला. टाका अगदी साधा, पहिल्या आठवड्यात शिकवतात तो. निर्णय फक्त एक: प्रत्येक ओळीत दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत मोडायचं नाही. त्यातून जे तयार झालं ते हातात घेऊन विद्यार्थ्यांना ती भूमिती बघता आली. वाढवायचा टाका तर बाळाच्या टोपऱ्यातही असतो. पुढे त्याच कल्पनेवरून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ पासून समुद्रातल्या प्रवाळ खडकासारखं क्रोशाचं मोठं काम उभं केलं. देशोदेशीच्या बायकांनी त्यासाठी तुकडे विणले, आणि विणणाऱ्यांची नावं ते काम मांडताना लावली जातात. हे नावांचं लक्षात ठेव. त्यावर मी परत येणार आहे.

माझ्या आईची एक वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तिच्या पानांना पांढऱ्या दोऱ्याचे चार-चार बोटांचे तुकडे सुईने टाचलेले आहेत. प्रत्येक तुकड्याखाली पेन्सिलीने एकच ओळ: 'साताऱ्याच्या आत्याकडून', 'गच्चीवरच्या वहिनींकडून, पण कड माझी', 'आगगाडीत भेटलेल्या बाईंच्या पिशवीवरून'. आई चौथीपर्यंत शिकलेली. 'स्वतंत्र रचना' हे शब्द तिच्या तोंडी कधी आले नाहीत. पण 'कड माझी' हे तिने लिहून ठेवलं, आणि कड सोडून बाकीचं कुणाचं तेही लिहून ठेवलं. मला वाटतं आपल्या कामात प्रामाणिकपणाची एवढीच रीत पुरते. तुझ्या कागदावर पहिल्या ओळीतच लिही: जाळी पारंपरिक, पान आणि मांडणी माझी. मग 'यात नवीन काय' याला तू आधीच उत्तर दिलेलं असेल, आणि तेही कुणाशी न भांडता.

आता काकूंचं दुसरं वाक्य. पाच फुटी दाराला हे पुरायचं नाही. मी तुझ्या जागी असते तर त्या वाक्यासाठी काकूंच्या पाया पडले असते. तो टोमणा नाही, तुझ्या डिझाइनमधली खरी उणीव त्यांनी एका नजरेत पकडली आहे.

तू तोरण वरून खाली विणलंस. एकेक पान मधल्या जागेसह पंधरा घरं रुंद, अशी दहा पानं, म्हणजे दीडशे घरं. जाळीचा हिशोब तुला माहीतच आहे: घरांची संख्या गुणिले तीन, आणि सुरुवातीचं घर पोकळ असेल तर अधिक पाच, भरीव असेल तर अधिक तीन. तुझ्या सुरुवातीला ४५५ साखळ्या आल्या. त्या मोजताना तू तीनदा उसवलंस असं लिहिलं आहेस. जी दुसरी करायला घेईल तीही उसवेल, आणि तिचं दार वेगळ्या मापाचं निघालं तर पहिल्या साखळीपासून सगळा हिशोब नव्याने करेल. हे डिझाइन सध्या तुझ्या दाराचं आहे, अजून सगळ्यांच्या दारांचं झालेलं नाही.

तुझा ग्राफ पेपर आडवा फिरव. तोरण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विण, दाराच्या रुंदीच्या दिशेने. आता साखळ्या पानाच्या उंचीएवढ्याच लागतील. एक पान झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, आणि दार भरलं की थांबायचं. तीन फुटी दारवालीने दहा पानांवर थांबावं, काकूंनी सोळा-सतरांवर. कुणालाच आधीपासून मोजत बसायला नको.

हे वाटतं तितकं सरळ नाही, म्हणून इथे जरा थांबते. जाळीचं घर कागदावर चौरस असतं, हातात क्वचितच चौरस येतं. तू मापं दिली आहेस: दहा घरं रुंदीला ६ सेंटीमीटर, दहा ओळी उंचीला ६.६. म्हणजे तुझी ओळ घरापेक्षा उंच आहे. म्हणूनच तुझं पान कागदावरच्यापेक्षा लांबट आलं, आणि 'ही चूक आहे का' असं तू विचारलंस. चूक नाही. हळदीचं पान लांबटच असतं, तुला ते फावलं. पण काम आडवं फिरवलंस की हीच गोष्ट उलटेल. आता पान रुंदीला फुगेल, आणि हळदीऐवजी ते विड्याच्या पानासारखं दिसायला लागेल. म्हणून पान पुन्हा आख. लांबीला वीसऐवजी बावीस घरं घे. रुंदीला पान अकरा ओळींचंच ठेव, पण दोन पानांमधली जागा चारऐवजी तीन ओळींची कर. एक पान चौदा ओळींत बसेल. तुझ्या हाताने ते साधारण १३.२ सेंटीमीटर लांब आणि जागेसह सव्वानऊ सेंटीमीटर रुंद येईल, म्हणजे तुझ्या आताच्या पानाच्या अगदी जवळ. साखळ्या लागतील ७१. कुठे ४५५ आणि कुठे ७१!

चौदाच का, हेही सांगते. पंधरा विषम आहे. पहिलं पान सुलट बाजूने सुरू झालं तर दुसरं उलट बाजूने सुरू होईल, आणि करणारीला एक पान ग्राफच्या उजवीकडून वाचायचं तर पुढचं डावीकडून, असं होऊन बसेल. तिसऱ्या पानापर्यंत तिचा गोंधळ उडणार हे नक्की. सम संख्या ठेवलीस की प्रत्येक पान त्याच बाजूने सुरू होतं. या असल्या गोष्टी तोरणाकडे बघून कुणाला दिसत नाहीत, पण करणारीच्या मांडीवर ते काम सुखाने होतं की नाही हे त्यांवरच ठरतं.

मापाबद्दल अजून एक. २०१६ साली चेन्नईत क्रोशा करणाऱ्या बायकांनी मिळून ११ हजार चौरस मीटरहून मोठं पांघरूण केलं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. गावोगावच्या बायकांनी विणलेले तुकडे एकमेकांना जोडले गेले, कारण तुकड्याचं माप आधी ठरलेलं होतं. तुझ्या कागदावरही मापाची ओळ सगळ्यात वर हवी: दोऱ्याचा नंबर, सुईचा नंबर, दहा घरं आणि दहा ओळींचा तुकडा किती बाय किती. हा तुकडा आधी करायचा, आणि माप खळ देऊन, टाचण्या लावून वाळवल्यावर घ्यायचं. जाळी खळ दिल्यावर ताणली जाते, त्याआधीचं माप फसवं असतं. दोरा किती लागला हे अंदाजाने लिहू नकोस. सुरू करण्याआधी गुंडी किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून घे, पान झालं की परत तोल. 'एका पानाला इतके ग्रॅम' एवढं सांगितलंस की ज्याच्या त्याच्या दाराचा हिशोब ज्याला त्याला करता येतो.

आता तू लिहिलेलं पान. त्यात सातव्या ओळीपाशी 'चार पोकळ, एक भरीव, पुढे तसंच' असं आहे. मी सुई-दोरा घेऊन बसले आणि तिथे अडले. 'तसंच' म्हणजे तोच पाच घरांचा तुकडा पुन्हा, की सगळी पोकळ? ग्राफ बघून मला कळलं, पण ज्या दिवशी ग्राफ आणि शब्द यांचं पटणार नाही त्या दिवशी करणारीने कुणावर विश्वास ठेवायचा? 'पुढे तसंच' हे तू स्वतःला सांगतेस, कारण पुढचं तुला पाठ आहे. तिला पाठ नाही. तसंच 'घरात दोन खांब भरा'. घरात, म्हणजे साखळीखालच्या मोकळ्या जागेत सुई घालायची, की प्रत्येक साखळीच्या टाक्यात? दोन्ही रीती चालतात, पण पानाची कड वेगळी दिसते. तू कुठली धरलीस ते लिही. साखळी आणि खांब ही नावं सगळ्यांना कळतात. बाकीची नावं शिकवणारी बदलली की बदलतात, म्हणून तू वापरतेस त्या प्रत्येक नावाचा अर्थ सुरुवातीला दे: सुईवर दोरा किती वेळा घ्यायचा, किती वेळा ओढायचा. परदेशी नमुन्यांतही हा घोळ आहेच. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच इंग्लंडमध्ये डबल म्हणतात.

हे सगळं घरात एकटीने बसून तुला सापडणार नाही. म्हणून तुला गुरुवारी परत जायलाच हवं. मन मोठं कर वगैरे मी सांगत नाहीये, कामासाठी सांगते आहे. कागदावरचं डिझाइन पुरं झालं हे कळण्याचा एकच मार्ग मला माहीत आहे: तू शेजारी गप्प बसलेली असताना दुसरीच्या हातून ते जमलं पाहिजे. आणि असे बारा-चौदा हात तुझ्यासमोर दर आठवड्याला एका जागी जमतात. एकटीने घरी बसून काम करणाऱ्या कितीतरी जणी यासाठी तळमळतात.

तिघींना विचार. एक घट्ट हाताची, एक सैल हाताची, आणि एक या वर्षीच शिकायला लागलेली. घट्ट आणि सैल हातातला फरक मापातून कळेल. नवी मुलगी तुझ्या शब्दांतली भोकं दाखवेल, कारण तिच्याकडे ती बुजवायला अनुभव नाही. तुमच्यात कुणी डावखुरी असेल तर तिला आधी विचार. ओळीनुसार शब्दांत लिहिलेलं काम डावखुऱ्या हातून आरशातल्यासारखं उलटं येतं. पानाला त्याने काही बिघडत नाही, पण उद्या तू कडेला 'शुभ' घालशील तर ते उलटं उमटेल. तिच्यासाठी ग्राफ हवाच, आणि 'पहिली ओळ डावीकडून वाचा' ही सूचनाही.

मग त्या करत असताना बोलू नकोस. हे फार अवघड आहे, मला वर्षानुवर्षं जमलं नव्हतं. समोरचीचा हात थांबतो, ती कागद जवळ धरते, ओठ हलवत घरं मोजते, आणि आपल्या जिभेवर उत्तर आलेलं असतं. ते गिळायचं. तिचा हात जिथे थांबला त्या ओळीपुढे आपल्या वहीत एक फुली मारायची. दोघींचे हात एकाच ओळीवर थांबले तर ती ओळ चुकीची आहे, मग तुला ती कितीही बरोबर वाटो. माझ्या एका रुमालाच्या नमुन्यात सहाव्या फेरीपुढे अशा चार फुल्या पडल्या होत्या. मी ती फेरी लिहिलीच नव्हती, पाचवीनंतर थेट सातवी. माझा हात ती आपोआप करत होता, त्यामुळे कागद कितीदा वाचला तरी मला दिसली नाही.

आणि काकूंना चौथी म्हणून विचार, किंबहुना पहिली. ज्या बाईने तोरणाकडे एकदा बघून 'पुरायचं नाही' हे ओळखलं, तिची नजर तुला पैसे देऊनही मिळाली नसती. आडवा फिरवलेला ग्राफ त्यांच्यासमोर ठेव आणि सांग, "काकू, तुम्ही म्हणालात म्हणून बदललं. आता तुमच्या दाराला बसेल का बघा." त्यांच्या आईचं जुनं जाळीकाम घरात असेल तर तेही बघायला माग. त्यातल्या कडा आणि कोपरे बघून ठेव. जुन्या कामात कोपरे फार सुबक वळवलेले असतात.

आता रुखवत. तुझा राग रास्त आहे. तो गिळायला मी सांगणार नाही. रुखवतात ठेवलेल्या वस्तूपुढे दोन्हीकडची माणसं उभी राहून 'कुणी केलं?' असं विचारतात. त्या उत्तरात तुझं नाव यायला हवं होतं. विणलं तिने, कष्ट तिचे, पण पान तुझं. ते सांगायला तिला काही कमी पडलं नसतं.

पण एक विचार कर. तिने तुझा कागद चोरला नाही, कागद तेव्हा नव्हताच. तिने तोरण बघितलं आणि घरं मोजली. जाळीकामात प्रत्येक घर डोळ्यांना दिसतं, आणि ज्याला मोजता येतं त्याला ते करता येतं. ते लपवून ठेवायचं म्हटलं तर तोरण दाराला लावताच येणार नाही. कायद्यानेही फार काही हाती लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तू लिहिलेला मजकूर, काढलेला ग्राफ, घेतलेला फोटो यांवर तुझा हक्क आपोआप राहतो, त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. तुझा कागद कुणी जसाच्या तसा छापून विकला तर तू हरकत घेऊ शकतेस. पण 'तोरणात हळदीचं पान' ही कल्पना किंवा जाळीचा टाका त्यात येत नाही. नुसती कल्पना कॉपीराइटखाली येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे तुमच्या सभामंडपात कुणाचं नाव राहणार हे तुमच्या आपसातल्या रीतीवर ठरेल. आणि ती रीत तुमच्यात अजून पडलेली नाही, कारण आजवर कुणी स्वतःचं डिझाइन काढलंच नव्हतं. तू पहिली आहेस. सगळं इतकी वर्षं सगळ्यांचंच होतं. दोरा, सुया, नमुने, सगळं. तिला कदाचित खरंच उमगलं नसेल की इथे काहीतरी वेगळं होतं, किंवा उमगलं असेल आणि पाहुण्यांसमोर मोह झाला असेल. दोन्ही शक्य आहे.

तिला चारचौघींत बोलू नकोस. गुरुवारच्या आधी फोन कर, नाहीतर घरी जा, आणि जे आहे ते सरळ सांग: "तू केलंस याचा मला आनंद आहे, पण माझं नाव घेतलं नाहीस याचं वाईट वाटलं." एवढंच. खुलासा मागू नकोस, ती देईल तो ऐकून घे. मग तिला सांग, की तू आता हे नीट लिहून काढते आहेस, आणि तिने एकदा ते पूर्ण विणलेलं असल्यामुळे कुठे अडलं हे तुझ्याखालोखाल तिलाच ठाऊक आहे. ती नाही म्हणाली तर तिथे सोडून दे. हो म्हणाली तर तिची फुलीही वहीत येऊ दे, आणि ज्यांनी विणून तपासलं त्यांच्या नावांत तिचं नाव घाल. मला आशा आहे की ती हो म्हणेल. अशी मोडलेली नाती कामाच्या निमित्ताने पुन्हा जुळलेली मी पाहिली आहेत, आणि न जुळलेलीही.

कागदाच्या तळाशी तीन गोष्टी हव्यात. डिझाइन कुणाचं. विणून कुणी तपासलं, सगळ्यांची नावं. आणि एक विनंती: यावरून केलेली वस्तू भेट द्या, रुखवतात ठेवा, विका, पण पान कुणाचं हे सांगा. विकायला परवानगी दे, असं माझं मत आहे. तुमच्यातल्या एखादीचा त्यावर घरखर्चाला हातभार लागला तर तुझं काही जात नाही, आणि नाही म्हणालीस तरी तू प्रत्येक दार तपासत हिंडणार नाहीस.

पैशांचं थोडक्यात सांगते. तपासणाऱ्यांकडून एक पैसाही घ्यायचा नाही, उलट जमलं तर त्यांचा दोरा तू आण. त्यांनी आपला वेळ दिलेला असतो. बाकीच्या मैत्रिणींकडून पन्नास-शंभर रुपये घे, आणि घेताना मान खाली घालू नकोस. दोरा उसना देणं आणि दोन महिने उसवून-विणून लिहिलेला कागद देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिला खरंच परवडत नसेल तिला गुपचूप दे. बाहेरच्यांसाठी किंमत काय ठेवायची हे तीन-चार तोरणं पुरी झाल्यावर ठरव, तोवर सापडेल ती चूक सुधारायला तू बांधलेली आहेस. आणि विकल्यानंतर चूक सापडली तर घेतलेल्या प्रत्येकीला दुरुस्ती कळवायची, विनामूल्य. यात मात्र काही सूट नाही.

घाई करू नकोस. गुढीपाडव्याला सगळ्यांच्या दारी लागेल एवढा वेळ आहे. आधी एका पानाचा तुकडा विण, खळ दे, माप घे, मग काकूंकडे जा.

तपासून झालं, नावं लिहून झाली, की एक प्रत मला पाठव. माझं दार दोन झडपांचं आहे, बरोबर चार फुटांचं. तुझ्या मापाने तेरा पानं लागतील. पैसे मी आधीच पाठवते, आणि माझा हात सैल आहे हे तुझ्या वहीत लिहून ठेव.

तुझी,
ताई